एक घनफूट काँक्रीट: घरची छोटी कामं स्वतः करताना

परसातल्या नळाखालची धुण्याची जागा उखडलेली असते, मागच्या दाराची पायरी कोपऱ्यातून ढासळलेली असते, फाटकाचा खांब डुगडुगत असतो. ही कामं घरोघरी वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण एवढ्याशा कामासाठी गवंडी मिळत नाही. मिळाला तर तो दिवसाची पूर्ण हजेरी घेणार, आणि ते रास्तच आहे. यातली बरीचशी कामं आपल्याला स्वतःला जमण्यासारखी आहेत. त्यासाठी अंगात फार ताकद लागत नाही, मापाची शिस्त मात्र लागते.

माझ्या हातची पहिली पायरी वर्षभरही टिकली नाही. माल कालवताना फावडं जड जाऊ लागलं तसं मी पाणी ओतत गेलो. माल छान सैल झाला, साच्यात आपोआप पसरला, वरून आरशासारखा गुळगुळीत दिसला. पुढच्या उन्हाळ्यात त्या पायरीवर झाडू फिरवला की करडी पावडर निघायची. पलीकडच्या बांधकामावरचे एक वयस्कर गवंडीकाका पाणी प्यायला आले होते. त्यांनी पायरीवर अंगठ्याच्या नखाने ओरखडा ओढला, निघालेली पूड बोटांत चोळली आणि एवढंच विचारलं, "पाणी किती टाकलं होतं?" मला सांगता येईना, कारण मी पाणी मोजलंच नव्हतं.

या लेखात बाकी बरंच काही आहे, पण मुख्य गोष्ट तीच: मालात पाणी मापून घालायचं, आणि माल घट्ट झाल्यावर पुढचे दहा दिवस हात न आखडता घालायचं. बहुतेक घरी नेमकं उलटं होतं.

त्याचं कारण समजलं की हात आपोआप आवरतो. सिमेंट चिखलासारखं वाळून कडक होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. माल हलावा, साच्यात बसावा म्हणून आपण त्याच्या साधारण दुप्पट पाणी घालतो, आणि तेवढं चालतं. त्यापुढे घातलेलं पाणी नंतर उडून जातं आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडून जातं. अशा पोकळ्यांचं काँक्रीट म्हणजे कडक झालेला स्पंज. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ साली प्रयोगांतून मांडलं. आजही जगभरातली काँक्रीटची गणितं तिथूनच सुरू होतात.

आधी, कशाला हात लावायचा नाही

खांब, तुळई, स्लॅब, लटकती गॅलरी, सज्जा यांना तडा गेला असेल किंवा सळई उघडी पडून गंज दिसत असेल, तर ते काम आपलं नाही. वरून माल थापून ती जखम झाकली जाते, आत गंज वाढतच राहतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडत जाते. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे फार लवकर होतं. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

जुन्या वाड्याच्या चुन्यातल्या दगडी किंवा विटांच्या भिंतीवरही सिमेंट थापू नका. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती वाट बंद करतं, मग ओल दगडात-विटेत अडकून भिंतच पोखरते. तिथे चुन्याचंच काम हवं.

जमिनीला टेकलेली कामं मात्र निर्धास्तपणे करा. धुण्याची जागा, पायरी, टाकीखालचा छोटा चौथरा, फाटकाच्या खांबाचा पाया, पायवाटेचा तुकडा, ही सगळी त्यात येतात.

हिशेब

समजा, नळाखाली ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ इंच जाड अशी धुण्याची जागा करायची आहे. ३ इंच म्हणजे पाव फूट. ४ × ३ × पाव, म्हणजे ३ घनफूट काँक्रीट लागणार.

आता एक मिश्रण पाठ करून ठेवा. मी गेली कित्येक वर्षं हेच वापरतो:

सिमेंट ८ लिटर, वाळू १२ लिटर, खडी २४ लिटर, पाणी जास्तीत जास्त ७ लिटर.

यातून साधारण १ घनफूट काँक्रीट तयार होतं. कोरडा माल ४४ लिटर भरतो, पण वाळू खडीच्या फटींत आणि सिमेंट वाळूच्या फटींत शिरतं, त्यामुळे शेवटी २८ लिटरच उरतात, आणि तेवढाच एक घनफूट असतो. नवख्या माणसाचा हिशेब इथेच चुकतो. ३ घनफूट खड्डा म्हणून तो ३ घनफूटच कोरडा माल आणतो आणि अर्ध्यात साहित्य संपतं.

हे १ : दीड : ३ असं प्रमाण झालं, म्हणजे एम-२० या ताकदीच्या दर्जाचं. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये या प्रमाणाच्या मालाला ५० किलो सिमेंटमागे कमाल ३० लिटर पाणी सांगितलं आहे. आपलं ८ लिटर सिमेंट साडेअकरा किलोच्या आसपास भरतं, म्हणून पाण्याची हद्द ७ लिटर. पुष्कळ गवंडी छोट्या कामाला १ : २ : ४ धरतात आणि तेही चालतं. पण घरच्या कामात कोचणं (सळई खुपसून माल बसवणं) आणि सारखं करणं त्यांच्याइतकं सफाईदार होत नाही, म्हणून सिमेंट थोडं जास्त असलेलं बरं.

५० किलोच्या एका गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असतं. एका वेळी कालवलेला माल म्हणजे एक घाणा. गोणीत असे चार घाणे निघतात. धुण्याच्या जागेला तीन लागतील आणि उरलेलं सिमेंट पाण्यात कालवून घोळ करायला, कडा नीट करायला होईल. म्हणजे एक गोणी पुरते.

मापासाठी घमेलं वापरू नका. एक घमेलं शिगोशीग भरलं जातं, दुसरं सपाट, आणि प्रमाण बिघडतं. रंगाचा १० किंवा २० लिटरचा रिकामा डबा घ्या. बाटलीने लिटर-लिटर पाणी ओतत आतून मार्करने रेघा मारून ठेवा. साहित्य भरलं की वरून फळी फिरवून सपाट करायचं. पाण्यालाही स्वतंत्र खुणेची बादली ठेवा, पाइप हातात घेऊन काम करू नका.

एक घाणा ६५ ते ७० किलोचा होतो. एकटेच असाल तर निम्मा करा: ४, ६, १२, आणि पाणी साडेतीन लिटरपर्यंत. दमलेला माणूस माल सैल करायला पाणी ओततो, म्हणून घाणा आपल्या दमाइतकाच असावा.

साहित्य आणताना

सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना, म्हणजे राखेसारखा पदार्थ मिसळलेलं) घ्या, घरकामाला उत्तम आहे. गोणीवर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली भरली ते छापलेलं असतं, ते दुकानात उभ्या-उभ्या वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी नको. ठेवणीतल्या सिमेंटची ताकद तोवर बरीच उतरलेली असते, पावसाळ्यात तर अधिकच. गोणीत हात घातला की थंड लागलं पाहिजे आणि बोटांत चोळल्यावर पिठासारखं मऊ. बोटांनी न फुटणारे खडे लागले तर ती गोणी परत करा. किलोवर मिळणारं सुटं सिमेंट मी घेत नाही. ती गोणी कधी उघडली हे कुणालाच माहीत नसतं.

वाळू-खडी ब्रासने विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला लागणार ३६ लिटर वाळू आणि ७२ लिटर खडी. बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे गोणीत भरून मागा, बहुतेक जण देतात. नदीची वाळू आता दुर्मीळ आणि महाग झाली आहे, त्यामुळे क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळूच मिळेल. काँक्रीटला ती चांगली चालते, फक्त काँक्रीटची मागा, गिलाव्याची बारीक नको. नदीची वाळू मिळालीच तर काचेच्या उभट बरणीत निम्म्यापर्यंत भरा, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी वर ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळूवर गाळाचा थर बसेल. तो वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर वाळू धुऊन घ्यावी लागेल. समुद्रकिनाऱ्याची वाळू फुकट मिळाली तरी आणू नका. तिच्यातलं मीठ लोखंडाला खातं.

खडी १२ मिलिमीटरची घ्या. खडीचा आकार थराच्या जाडीच्या पाव भागाहून मोठा नसावा असा नियम आहे. ३ इंच म्हणजे ७५ मिलिमीटर, त्याचा पाव भाग सुमारे १९. म्हणून २० मिलिमीटरची खडी इथे नको, शिवाय ती नवख्या हाताला आवरतही नाही. आपल्याकडची काळ्या बेसाल्टची खडी उत्तम असते. मात्र तिच्यावर कचाची धूळ फार असेल तर आदल्या दिवशी धुऊन निथळत ठेवा. कोकणात जांभ्याचे तुकडे खडी म्हणून घालायचा मोह होतो, पण जांभा सच्छिद्र आणि कमजोर, त्याने काँक्रीट होत नाही.

पाणी पिण्यायोग्य हवं. खारट बोअरचं टाळा.

खालची जमीन

जुनं उखडलेलं सगळं काढा आणि ७ इंच खोल खणा. तळाला ४ इंच मुरूम येईल, वर ३ इंच काँक्रीट. मुरूम दोन थरांत पसरा, पाणी शिंपडा आणि धुम्मसाने ठोका. टाच रोवून गर्रकन फिरलं तरी खळगा पडू नये, इतका घट्ट हवा. विदर्भ-मराठवाड्यात घराखाली काळी माती असेल तर आणखी फूटभर काढून मुरूम भरा. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेलं काँक्रीट कितीही चांगलं असो, एका वर्षात तडकतं.

चारी बाजूंनी ३ इंच उंच फळ्या उभ्या करून बाहेरून खुंट्या ठोका. फळ्यांना आतून वापरलेलं तेल चोपडून घ्या, म्हणजे नंतर अलगद सुटतील. उतार आत्ताच ठरवा: फुटाला पाव इंच. ४ फुटांत १ इंच उतार मोरीकडे हवा. दोन्ही टोकांना पारदर्शक नळी धरून त्यातल्या पाण्याच्या पातळीवरून खूण करता येते. उतार फळ्यांनाच द्या, ओल्या मालात तो नंतर काढता येत नाही.

ओतण्याआधी मुरूम ओला करा. तो कोरडा असेल तर मालातलं पाणी शोषून घेतो. मात्र वर पाणी साचलेलं नको.

माल कालवणं

आधी हातापायांची काळजी. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि कातडी भाजतं. भाजताना लगेच कळत नाही, रात्री जळजळ सुरू होते. रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, गोणी उघडताना नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा. ओल्या मालात गुडघा टेकून बसू नका. डोळ्यात गेलं तर न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

जमिनीवर लोखंडी पत्रा अंथरा. मातीवर कालवलेल्या मालात माती येतेच. पत्र्यावर १२ लिटर वाळू पसरा, तिच्यावर ८ लिटर सिमेंट. फावड्याने एका बाजूचा ढीग दुसऱ्या बाजूला उलटा, मग परत, असं किमान तीन वेळा. फावडं खालपर्यंत घासत नेलं पाहिजे. वाळूचे काळे आणि सिमेंटचे राखाडी पट्टे दिसेनासे होऊन सगळा ढीग एका रंगाचा झाला की २४ लिटर खडी घाला आणि पुन्हा दोनदा उलटा.

मग ढिगाच्या मधोमध आळं करा, झाडाला करतो तसं. त्यात ५ लिटर पाणी ओता आणि दोन मिनिटं काही करू नका. पाणी कडांमध्ये मुरू द्या. नंतर बाहेरची कड थोडी थोडी आत ढकलत जा. आळं फुटून पाणी वाहून गेलं तर त्याबरोबर सिमेंट जातं. कडा संपल्या की ढीग उलटायला लागा.

या टप्प्यावर माल कोरडाच वाटतो. खडी खरखरते, फावड्यावर सुटी सुटी राहते. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि बादली पालथी होते. तसं करू नका. आणखी चार वेळा उलटा. आवाज बदलतो, खरखर जाऊन फावड्याखाली दबका चपचप आवाज येतो आणि प्रत्येक खडीवर राखाडी लेप चढतो. मग पाणी अर्धा-अर्धा लिटर शिंपडत पुढे जा. सहा किंवा साडेसहा लिटरला माल जमतो, सातच्या पुढे जायचं नाही.

जमला का, ते असं बघा. ढिगावर थापीची पाठ दाबून ओढा. पृष्ठभाग एकसंध, ओलसर चमकदार झाला आणि पाणी ओघळलं नाही, तर माल बरोबर. खडी उघडी राहून खरबरीतच दिसला तर अजून उलटा, गरज पडली तर हद्दीत राहून थोडं पाणी. थापीने ओढलेल्या चरात पाणी गोळा झालं तर माल पातळ झाला. मग नुसती वाळू टाकून तो दुरुस्त होत नाही. सिमेंट, वाळू, खडी तिन्ही त्याच प्रमाणात वाढवावी लागतात.

वाळू ओली असेल तर दोन बदल करा. ओलसर वाळू फुगते, डब्यात भरते पण वजनात कमी असते. म्हणून १२ ऐवजी १५ लिटर घ्या, आणि पाणी सुमारे १ लिटरने कमी धरा, कारण तेवढं वाळूतच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर केलेली कामं बऱ्याचदा याच कारणाने बिघडतात.

ओतणं आणि सारखं करणं

कालवलेला माल अर्ध्या तासात जागेवर गेला पाहिजे. म्हणून तिन्ही घाणे एकदम कालवू नका, पण दोन घाण्यांमध्ये चहाची सुट्टीही नको. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा सैल केला तर तो गेला असं समजा.

दूरच्या कोपऱ्यापासून भरत या. माल उंचावरून फेकू नका, खडी वेगळी होते. सळईने सगळीकडे कोचा, फळ्यांच्या कडेने आणि कोपऱ्यात जास्त. बाहेरून फळीवर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. मग दोन्ही फळ्यांवर टेकेल अशी सरळ पट्टी घ्या आणि करवत चालवल्यासारखी मागे-पुढे करत ओढत आणा. खळगे दिसतील तिथे माल टाकून पुन्हा ओढा.

आता थांबा. थोड्या वेळाने वर पाण्याचा पातळ थर येतो. तो असताना थापी फिरवू नका, आणि तो शोषायला कोरडं सिमेंट तर मुळीच भुरभुरू नका. त्याने वर एक पापुद्रा बनतो आणि काही महिन्यांत पोपड्यासारखा सुटतो. पाणी आपोआप जिरू द्या. पृष्ठभागाची चमक गेली, अंगठा दाबल्यावर थोडासाच ठसा उमटू लागला, की लाकडी रंधा (गवंड्याची मुठीची सपाट फळी) गोल गोल फिरवा. धुण्याच्या जागेला गुळगुळीत घोटाई नको, साबणाच्या पाण्यात पाय घसरतो. रंधा झाल्यावर खराटा उताराच्या दिशेने एकदाच हलका ओढा. त्या बारीक रेघा पायाला पकड देतात आणि पाणीही वाहून नेतात. घरात वयस्कर माणसं असतील तर हे जरूर करा.

दहा दिवस पाणी

पहिली रात्र ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी कडेने चिखलाचा बांध घालून इंच-दोन इंच पाणी साठवा. उतारामुळे वरच्या बाजूला पाणी टिकत नसेल तर गोणपाट अंथरून दिवसातून तीन-चार वेळा भिजवा. गोणपाट सुकता कामा नये. एकदा भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवणं हेही वाईटच. साध्या ओपीसीला (काही न मिसळलेल्या पोर्टलँड सिमेंटला) किमान ७ दिवस आणि पीपीसीला किमान १० दिवस असं मानक सांगतं. सात दिवसांत काँक्रीट आपल्या २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत येतं, तेही पाणी मिळालं तरच. मे महिन्यात काम काढलंत तर दुपारी चारनंतर ओता आणि १४ दिवस भिजवा.

बाजूच्या फळ्या दोन दिवसांनी सोडवा. कडेवर फावडं आपटू देऊ नका, कडा अजून कच्ची असते.

पायरीचा कोपरा आणि फाटकाचा खांब

मोडलेल्या पायरीला नवा कोपरा जोडताना खरं काम जुन्या भागावर असतं. छन्नी-हातोडीने सगळं भुसभुशीत काढा, आतली घट्ट खडी दिसेपर्यंत. दुरुस्तीची कड शून्यावर निमुळती आणू नका, किमान एक इंच उभी कापा, नाहीतर तो पातळ पदर पहिल्यांदा सुटतो. जुन्या भागावर छन्नीने टाचे (छोट्या खाचा) मारा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा आणि रात्रभर भिजवून ठेवा. सकाळी वरचं पाणी पुसून सिमेंटचा सायीसारखा घोळ ब्रशने चोळा आणि तो ओला असतानाच माल भरा. घोळ वाळला तर तो खरवडून पुन्हा लावावा लागतो. वाळलेला घोळ जोडत नाही, उलट दोन थरांना वेगळं ठेवतो. एक इंचाहून कमी जाडीचा तुकडा असेल तर खडी गाळून १ : ३ सिमेंट-वाळूचा माल वापरा.

खांबासाठी १ फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल खड्डा म्हणजे २ घनफूट, अर्थात दोन घाणे. ओळंब्यात धरून तिरप्या आधारांनी खांब पक्का करा. वरचं तोंड जमिनीपेक्षा थोडं उंच ठेवून चहूकडे उतार द्या. लोखंड नेमकं काँक्रीटमधून बाहेर येतं तिथेच पाणी साचून गंजतं. फाटक आठवडाभर तरी टांगू नका.

हत्यारं काम संपताच धुवा. ते सिमेंटचं पाणी मोरीत किंवा झाडाच्या आळ्यात नको, पाइप तुंबतो आणि झाड जळतं. मोकळ्या जागेत खड्डा करून त्यात ओता.

अकराव्या दिवशी गोणपाट उचला आणि वरच्या टोकाला एक बादली पाणी हळू ओतून ते कुठून कुठे जातं ते बघा. कुठे थारोळं राहिलं तर खडूने त्याची कड आखून ठेवा. काँक्रीट वाळल्यावर तेवढीच जागा घासायच्या दगडाने घासून मोरीपर्यंत वाट करून देता येते.